विरजणाला हात लावू नये

माझा धंदा लोकांचे रक्त काढण्याचा. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेले बरे. माझ्या लग्नाच्या बैठकीत मामांनी हेच वाक्य कौतुकाने उच्चारले, तेव्हा मुलीच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवून, "म्हणजे सावकारी का?" असे विचारले होते. मी लॅबोरेटरीवाला आहे, हे समजावून सांगायला मामांना अर्धा तास लागला.

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला, रस्त्याला लागून असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत माझे हे दुकान आहे. एक टेबल, एक बाक, एक सूक्ष्मदर्शक यंत्र, एक लहानसा फ्रीज आणि रक्त गरगरा फिरवणारे सेंट्रिफ्यूज, एवढाच पसारा. त्या सेंट्रिफ्यूजला गावातल्या म्हाताऱ्या 'रक्ताची गिरणी' म्हणतात. सोप्या तपासण्या मी इथेच करतो. ज्यांना मोठी यंत्रे लागतात, ते नमुने बंद डब्यात घालून एस.टी.ने मोठ्या गावी पाठवतो. संध्याकाळी रिपोर्ट येतो. पंधरा-वीस वर्षे हेच चालले आहे.

पाहणाऱ्याला वाटते, सगळे शहाणपण त्या मोठ्या यंत्रात आहे. मलाही पूर्वी असेच वाटे. पण यंत्र म्हणजे प्रामाणिक कारकून. पुढ्यात आलेला कागद तो बिनचूक नकलून देतो. कागदच खोटा असेल तर तो बिचारा काय करणार? खरे-खोटे ठरते ते त्याच्या आधी, सुई टोचल्यापासून नळीतले पिवळे पाणी वेगळे होईपर्यंतच्या तास-दोन तासांत. हा धडा मला जरा महागात शिकावा लागला. आज दिवाळीच्या निमित्ताने तोच सांगतो, कारण तो दिवाळीतच घडला.

आधी त्या पिवळ्या पाण्याविषयी. रक्त नळीत काढून स्वस्थ ठेवले की ते गोठते. थोड्या वेळाने गोळा आकसतो आणि त्याच्या अंगाने स्वच्छ, फिकट पिवळे पाणी सुटते. हेच सीरम. साखर, युरिया, क्षार, कावीळ, थायरॉइड, डेंग्यूची प्रतिद्रव्ये, निम्म्याहून अधिक गोष्टी या पाण्यात पाहतात. लॅटिन भाषेत 'सीरम' या शब्दाचा मूळ अर्थ दह्यावरचे पाणी असा आहे, हे मी वाचले तेव्हा मला आईची आठवण झाली.

आमच्या घरी रोज रात्री दुधाला विरजण लागे. मडके चुलीमागच्या उबेला ठेवायचे आणि सकाळपर्यंत त्याच्याकडे पाहायचेसुद्धा नाही, असा आईचा दंडक. लहानपणी मी झाकण काढून दही लागले का ते बोटाने चाचपून पाहत असे. "अरं, इरजणाला हात लावू नको! पानी पानी व्हतंय त्याचं," म्हणून ती ओरडे. घट्ट लागलेल्या दह्यावर सकाळी स्वच्छ निवळ असे. मी ढवळलेल्या दह्यात सारेच गढूळ. सीरमचे सगळे शास्त्र या ओरडण्यात होते. पण आईचे बोलणे हे शास्त्र असते, असे कोणत्या मुलाला वाटते?

पदविका घेताना मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वयस्क तंत्रज्ञाच्या हाताखाली उमेदवारी केली. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते २००६ साल होते. मराठवाड्यात चिकुनगुन्याने कहर मांडला होता. १९७३ साली बार्शीत मोठी साथ येऊन गेल्यावर हा रोग तीसएक वर्षे जणू कोठे दडून बसला होता. तो अचानक परतला आणि खेडीच्या खेडी सांधे धरून बसली. आमच्याकडे नळ्यांचा ढीग लागे. घाई करणाऱ्या आम्हा पोरांना चाचा म्हणत, "बेटा, गाडी चुकली तर दुसरी मिळते. रक्त बिघडलं तर तो क्षण परत मिळत नाही."

ते कधी संतापत नसत. एकदाच संतापलेले मी पाहिले. एका मुलाने लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीतले थोडे त्यात ओतले होते. रक्त रक्तच की, असा त्याचा हिशेब. पण जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असते ते पोटॅशियमचेच मीठ असते आणि ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते. म्हणजे चांगल्या माणसाचे पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळाला! चाचांनी ती नळी मोरीत ओतली आणि पोराला रोग्याच्या घरी माफी मागून दुसरे रक्त आणायला पाठवले. मी मनात हसलो. इतका मूर्खपणा आपल्या हातून होणे नाही, अशी माझी खात्री होती. देवाने ती तिथेच टिपून ठेवली असावी.

२००८ साली मी हसनाबादला दुकान थाटले. त्या वेळी खेड्यांतून विजेचे भारनियमन भयंकर होते. दिवाळीला चार-पाच दिवस राहिले होते. कापूस वेचणीला आला होता, ऑक्टोबरचे ऊन टिपेला होते. दुपारी आमचे गुरुजी आले. मला आणि माझ्यासारख्या शेकडो पोरांना अक्षर ओळखायला लावणारे हे गुरुजी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, पाय जरा सुजत होते, म्हणून डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती. मी मोठ्या अगत्याने त्यांचे रक्त काढले. हात थरथरू नये म्हणून त्यांनीच मला धीर दिला.

नळीवर नाव लिहिले आणि वीज गेली. सेंट्रिफ्यूज गप्प. चारची गाडी दिवाळीच्या गर्दीने भरून थांब्यावर न थांबताच निघून गेली. संध्याकाळ झाली तरी वीज नाही. खोलीत भट्टीसारखा उकाडा. मला वाटले, या उष्म्यात दूध नासते, तसे रक्तही नासेल. कुल्फीवाल्याकडून बर्फ आणला, थर्मासमध्ये भरला, आणि गुरुजींची नळी, गोळा व पाणी न वेगळे करता, तशीच त्यात ठेवून दिली. आपण केवढे शहाणे, असे म्हणत मी घरी जाऊन जेवलो.

सकाळी वीज आली. नळी फिरवली. वर सोन्यासारखे स्वच्छ पिवळे सीरम आले. लालीचा मागमूस नाही. ते पहिल्या गाडीने पाठवले. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला : पोटॅशियम ७.२.

निरोगी माणसाच्या सीरममध्ये ते लिटरला साधारण साडेतीन ते पाच मिलिमोल असते. साडेसहाच्या पुढे गेले तर हृदय केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. डॉक्टरांनी गुरुजींना ताबडतोब शहरात हलवायला सांगितले. घरात फराळाचे तळण चालले होते, ते तसेच राहिले. थोरल्या मुलाने व्यापाऱ्याकडून कापसावर उचल घेतली. जीप ठरली. गुरुजींच्या बाईंनी जाताना माझे हात धरून, "बरं झालं लेकरा, येळेवर ध्यानात आलं तुझ्या," असे म्हटले. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमानच वाटला, हे कबूल करतो.

रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. शहरातल्या दवाखान्यातले डॉक्टर बोलत होते. आवाज तरुण, पण शांत. ते म्हणाले, "रिपोर्ट ७.२ आहे, पण यांच्या हृदयाची पट्टी अगदी स्वच्छ आलीय. इतकं पोटॅशियम असताना सहसा असं दिसत नाही, पण पट्टीच्या भरवशावर बसताही येत नाही. मी दुसरं रक्त तपासायला घेतलंय, त्याला तासभर लागेल. तोवर ते उतरवायचं इंजेक्शन द्यावं का थांबावं, हा प्रश्न आहे. खरोखर वाढलं असेल तर थांबणं धोक्याचं. वाढलेलं नसेल तर उगाच इन्सुलिन देणं धोक्याचं. मला एवढंच सांगा, नमुना कसा ठेवला होता?"

वाचकहो, 'नीट ठेवला होता' हे तीन शब्द त्या वेळी माझ्या जिभेवर अगदी तयार होते. दुकान थाटून सहा महिने झाले होते. कर्ज डोक्यावर होते. गाव लहान, एकदा नाव गेले की मग तो माणूस गुळाची चव सांगायलाही विश्वासाचा राहत नाही. शिवाय माझ्या समजुतीप्रमाणे मी नमुना नीटच ठेवला होता की! बर्फात ठेवला होता. पण डॉक्टरांनी प्रश्न विचारला आणि माझ्या मनात कुठेतरी चाचांचे एक वाक्य खडबडून जागे झाले : "रक्त गोळ्यावर असेतो त्याला थंडी दाखवायची नाही." दोन वर्षांपूर्वी मी ते वहीत उतरवले होते, कारण मात्र विचारले नव्हते.

मी म्हणालो, "साहेब, वीज नव्हती. फिरवलेलं नव्हतं. गोळ्यासकट रात्रभर बर्फात होतं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी थांबतो, पट्टीवर नजर ठेवतो." फोन बंद झाला.

तो तास मी ओट्यावर बसून काढला. शेजारी आकाशकंदील लावलेले होते, ते विजेअभावी काळे लोंबत होते. आई उठून आली. काय झाले ते मी सांगितले. तिला पोटॅशियम कळले नाही, पण ती म्हणाली, "कामून घाई केली रं? इरजण लागायच्या आत कुनी फडताळात गारठ्याला ठेवतं का?"

पाऊण वाजता फोन आला. दुसरा रिपोर्ट ४.३. गुरुजी ठणठणीत.

कारण मी मागाहून समजून घेतले, ते असे. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पोटात बाहेरच्या पाण्याच्या वीस-पंचवीस पट पोटॅशियम असते. पेशीच्या भिंतीतला एक पंप ते सतत आत ओढून धरतो. पंपाला काम करायला ऊब लागते. गारठ्यात तो थकतो आणि आतले पोटॅशियम हळूहळू बाहेर पाझरत राहते. पेशी फुटत नाही, म्हणून सीरम लाल होत नाही. सुई बारीक असली, सिरिंजमधले रक्त जोराने ढकलले किंवा नळी खळखळून हलवली, तर पेशी फुटतात, सीरम लालसर होते आणि कोणीही ओळखतो की नमुना बिघडला. ही चोरी मात्र आवाज न करता होते. माझ्या त्या सोन्यासारख्या सीरमने पलीकडच्या लॅबोरेटरीलाही फसवले, यात तिचा काही दोष नव्हता.

साखरेची तऱ्हा याच्या उलट. गोळ्यावर सीरम उबेत तसेच पडून राहिले तर पेशी त्यातली साखर खात बसतात. तासाला शेकडा पाच ते सात या हिशेबाने ती उतरते. मधुमेही माणसाला 'साखर उत्तम' असा दाखला मिळतो आणि तो घरी जाऊन जिलबी खातो. म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची, फ्लोराइडची नळी वेगळी. म्हणजे थंडी वाईट आणि ऊबही वाईट, मग करायचे काय? उत्तर सोपे आहे : गोठेपर्यंत उबेत स्वस्थ ठेवा, गोठल्यावर पाणी वेगळे करा, मग हवी तेवढी थंडी द्या.

आणि वीज नसेल तर? दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न घेऊन मी चाचांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "वीज आली कधी आणि सीरम आलं कधी? अरे, गोळा आपण होऊन आकसतो. नळी उभी ठेव. कडेला चिकटला तर निर्जंतुक काडीने हलकेच सोडव. दोन तासांत वर पाणी येतं. वरचं वर ड्रॉपरने उचल, गोळ्याच्या जवळ जाऊ नको, लोभ करू नको." निघताना त्यांनी कपाटातून हाताने फिरवायचे एक जुने सेंट्रिफ्यूज काढून माझ्या पिशवीत घातले. उसाच्या गुऱ्हाळासारखा त्याला दांडा आहे. ते अजून माझ्या टेबलावर आहे.

या साध्या पिवळ्या पाण्याची किंमत किती, हे पुढे माझ्या वाचनात आले. १९५२ साली पुण्याला विषाणू संशोधन केंद्र निघाले, तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. आपल्या देशात कोणकोणते विषाणू वावरून गेले आहेत, हे पाहण्यासाठी तिथल्या संशोधकांनी आरंभीच सामान्य माणसांचे सीरम गोळा केले. स्मिथबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली त्याचा निष्कर्ष छापला. युगांडात १९४७ साली सापडलेल्या झिका नावाच्या विषाणूविरुद्ध १९६ पैकी ३३ सीरममध्ये प्रतिद्रव्ये आढळली होती. त्यांतली काही त्याच्या भाऊबंद विषाणूंमुळेही असू शकतील, असे पुढच्या अभ्यासकांना वाटते. पण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रोगी सापडला, तेव्हा अभ्यासकांना त्या जुन्या नळ्यांची पुन्हा आठवण झाली असणार. कोणा अनाम माणसांनी हात पुढे केला, कोणा अनाम तंत्रज्ञाने ते पाणी जपून वेगळे केले, आणि ते सत्तर वर्षांनीही साक्ष द्यायला उभे! साक्षीदार मात्र ढवळलेला नसावा.

गुरुजी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी परत आले. मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात मुलगा, सून, बाई, दोन-चार शेजारी. सगळ्यांसमोर सांगितले की चूक रोगाची नव्हती, माझी होती. आणि जीपचे भाडे मी भरीन. थोरला मुलगा बोलला नाही. उचलीचे पैसे त्याला व्याजासकट फेडायचे होते. त्याने का बोलावे? बाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजी मात्र खाटेवर उठून बसले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "चुकलेलं गणित पाटीवरून पुसायचं नसतं. शेजारी बरोबर करून दाखवायचं असतं. उद्या फळा घेऊन ये."

मी फळा नेला. त्यांनी एकेक गोष्ट मला विचारली, मी सांगत गेलो आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात सफेद्याने लिहिले :

'दंडाची पट्टी एका मिनिटाहून अधिक आवळू नये. रोग्यास मूठ उघडझाक करावयास लावू नये. स्पिरिट वाळल्याशिवाय सुई टोचू नये. नाव व वेळ रोग्यासमोर लिहावी. नळी पाच-सहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करावी, हलवू नये. मग उभी ठेवून अर्धा तास ते एक तास तिला हात लावू नये. गोठल्यावर समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवून दहा मिनिटे फिरवावे. दोन तासांच्या आत सीरम वेगळे करावे. त्यानंतरच थंडी.'

लिहून झाल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि खाली आणखी एक ओळ जोडली : 'चुकल्यास सांगावे.'

जीपचे भाडे मी तीन हप्त्यांत दिले. मुलाने ते घेतले, आणि त्याने घेतले याचेच मला बरे वाटले. पुढची दिवाळी येईतो तो माझ्या दुकानात फिरकला नाही. त्यानंतर आपल्या मुलाला ताप आला तेव्हा आला. रक्त काढून झाल्यावर तो फळा वाचत उभा राहिला. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली असावी. जाताना म्हणाला, "अण्णांचं अक्षर."

गुरुजी आणखी नऊ वर्षे जगले. त्यांचे रक्त दर तीन महिन्यांनी मीच काढत असे, आणि दर वेळी ते घड्याळ काढून मांडीवर ठेवत. अर्धा तास पुरा झाल्याशिवाय बाकावरून उठत नसत. ती नळी गोठते का मी घाई करतो, यावर त्यांचा पहारा असे. त्या अर्ध्या तासात ते मला गावच्या गोष्टी सांगत. माझ्या हाताखाली आता एक पोरगा उमेदवारी करतो. हुशार आहे, म्हणजे अर्थातच घाईचा आहे. परवा तो विचारत होता, "सर, बाहेर रांग लागलीय. नळी भरल्या भरल्या फिरवली तर काय होतं?"

गोठायच्या आत फिरवली तर नंतर त्या पाण्यात जाळे धरते, ते यंत्राच्या नळीत अडकते आणि आकडा भलताच येतो, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण मी काही बोललो नाही. घरी आईने रात्री लावलेले दही डब्यात बरोबर दिले होते. ते उघडून त्याच्यापुढे ठेवले. घट्ट दही, त्यावर काठाला बोटभर स्वच्छ निवळ.

"याला तासातासानं ढवळत बसलास तर काय व्हील?" मी विचारले.

तो दह्याकडे पाहत राहिला, मग फळ्याकडे. मग त्याने नळी उचलून हळूच स्टँडमध्ये उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिले. सव्वाअकरा झाले होते. बाहेर रांगेत कोणीतरी कुरकुरत होते. आम्ही दोघे पावणेबारापर्यंत दही-भाकरी खात बसलो.